चौकोनी भोक : मशीन घेण्याआधी कोपऱ्याचा हिशेब करा

आम्ही कापडवाले. थानातून चौकोनी तुकडा काढायचा तर गज लावावा, खडूची रेघ ओढावी आणि कात्री चालवावी. कोपरा आपोआप निघतो. त्यामुळे चौकोन काढणे हेही काही अवघड काम असते, असे पन्नाशी उलटेपर्यंत आम्हाला कधी वाटले नव्हते. ही समजूत आम्हाला महाग पडली. त्यात आमचे पैसे अडकले आणि एका मेहनती मिस्त्रीचा ऐन हंगाम वाया गेला. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

आमचे दुकान वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातील रोहणा येथे आहे. मुलूख कापसाचा. इथल्या सुताराचे काम पिढ्यान् पिढ्या शेतीला बांधलेले. बंडी, तिफण, वखर, डवरा हेच त्याचे दुकान. आमच्या शेजारी एक उस्ताद बंडीची चाके बनवीत. ते आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा दारे, चौकटी, बाजा, टेबले करतो आणि पेरणीच्या तोंडावर तिफणी दुरुस्त करून देतो. काही वर्षांपूर्वी एके दिवशी तो दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, शहरात एक मशीन पाहिले. चौकोनी भोक पाडते. आठवड्याचे काम दिवसात होईल."

मुलगा हुनरमंद, इमानदार. आम्ही फार विचार केला नाही. भांडवल आमचे, मेहनत त्याची, नफा ठरल्या हिश्श्याने वाटायचा आणि तोटा आला तर तो भांडवलाने सोसायचा, असा सरळ व्यवहार ठरला. विक्रेत्याने सांगितले की साध्या उभ्या ड्रिल मशीनला हा साचा जोडला की काम झाले. आम्ही मान डोलावली आणि पैसे मोजले.

सागवानाच्या दोन दारांपर्यंत सारे ठीक चालले. मग बाभळीच्या बाजांचे आणि तिफणींचे काम आले. पहिल्याच दिवशी भोकातून धूर निघाला, पटाशी निळी पडली. चौथ्या दिवशी तिचा एक कोपरा तुटला आणि ड्रिल मशीनचा दांडा डुगडुगू लागला. मिस्त्रीने हातानेच काम पुरे करायला घेतले, पण उशीर झाला होता. पेरणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. गिऱ्हाइके दुसऱ्या गावच्या सुताराकडे गेली.

त्यानंतर आम्ही चौकशीला लागलो. जी आधी करायची ती नंतर केली. जाणकार सुतार, लोहार, लेथवाले यांना विचारले, काही वाचले, काही स्वतः करून पाहिले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

चौकोनी भोक लागते कशाला?

गोल भोकात गोल खुंटी फिरते. चौकोनी भोकात चौकोनी खुंटी फिरत नाही. एवढेच कारण, पण त्यावर घरातली निम्मी लाकडी वस्तू उभी आहे. लाकडाच्या टोकाला कापून काढलेले कुसू दुसऱ्या लाकडातील चौकोनी भोकात घट्ट बसले की सांधा पिळला जात नाही.

आपली बाज पाहा. चार खूर, प्रत्येक खुराला दोन बाजूंनी दोन भोके, म्हणजे आठ भोके. त्यांतले एक जरी तिरके गेले तरी बाज जन्मभर कुरकुरते. तीन आडव्या पट्ट्यांच्या दाराला सहा भोके. बंडीचे चाक बारा आऱ्यांचे धरले तर मधल्या तुंब्यात बारा आणि परिघाच्या लाकडांत बारा. दोन चाकांची मिळून अठ्ठेचाळीस. तिफणीच्या आडव्या लाकडात दाते बसवायला तीनच भोके, पण त्या भोकांतले अंतर म्हणजेच शेतातल्या तासांचे अंतर. तिथे चूक झाली तर ती सबंध वावरात उमटते आणि पुढे डवरणीच्या वेळी शेतकरी सुताराचे नाव काढतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथील चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारे पाहताना आपली नजर सहसा चात्याकडे आणि चाकाकडे जाते. पुढच्या खेपेला खांब पाटात कसे बसवले आहेत तेही पाहावे. आम्ही सूत-कापडाच्या धंद्यात आयुष्य काढले, पण सुताच्या मुळाशी असलेल्या या सांध्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

सारी अडचण कोपऱ्याची

फिरणारे हत्यार एका जागी फिरले तर गोलच कापणार. समजा १२ मिलिमीटर बाजूचे चौकोनी भोक हवे आहे. त्याचे क्षेत्रफळ १४४ चौरस मिलिमीटर. १२ मिलिमीटरचा गोल बरमा त्यातून सुमारे ११३ काढतो. उरलेले ३१ चार कोपऱ्यांत बसून राहतात. माप कोणतेही घ्या, प्रमाण तेच : शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर बरमा काढतो आणि साडेएकवीस कोपऱ्यांत उरते. चौकोनी भोकाची जेवढी म्हणून हत्यारे आहेत ती या साडेएकवीस टक्क्यांचा बंदोबस्त करण्यासाठी आहेत. कोणते मशीन हा बंदोबस्त कशाने करते, हे कळले की ते आपल्या कामाचे आहे की नाही तेही कळते. आम्ही नेमका हाच प्रश्न विचारला नव्हता.

हाताची पद्धत

सर्वांत जुनी आणि आजही भरवशाची. मार्किंग गेजने, म्हणजे खतकसाने, दोन समांतर रेघा ओढाव्यात (उर्दूत खत म्हणजे रेघ, त्यावरून हे नाव). गुण्या लावून आडव्या रेघा घ्याव्यात. भोक आरपार जाणार असेल तर रेघा दोन्ही बाजूंना आखाव्यात. मग गिरमिटाने किंवा बरम्याने ओळीने गोल भोके पाडून मधला माल मोकळा करावा आणि जाड पात्याच्या पटाशीने कोपरे काढावेत. जुने सुतार या पटाशीला विंधणे म्हणतात.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिला घाव लाकडाच्या रेषांना आडवा घालावा. रेषांच्या दिशेने जोरात घाव घातला तर लाकूड चिरते. भोकाच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर जागा शेवटपर्यंत राखावी, म्हणजे पटाशीने भुसा उचकटताना कडा दबत नाही. आणि आरपार भोक दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे पाडावे, म्हणजे मागची बाजू फाटत नाही. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवण्याचा नेम आहे. भोक त्याहून फार मोठे केले की दोन्ही बाजूंच्या भिंती कमजोर होतात.

बंडीचा तुंबा तर गोल. त्यावर बारा भोके सारख्या अंतरावर हवीत. उस्ताद कर्कटाने ज्या मापाचे वर्तुळ काढीत, तेच माप त्या वर्तुळावर फिरवीत. ते बरोबर सहा वेळा बसते. मग प्रत्येक भाग निम्मा केला की बारा खुणा तयार. शाळेत भूमितीला आम्ही हे शिकलो होतो. उस्तादांनी कोणत्याही शाळेत न जाता ते हातात बसवले होते.

पोकळ पटाशीचे मशीन

आम्ही घेतले ते हे. यात एक चौकोनी पोकळ नळी असते. तिच्या चारही कडांना धार असते आणि नळीच्या आत बरमा फिरतो. बरमा मधला साडेअठ्ठ्याहत्तर टक्के माल काढतो. त्याच वेळी नळी दाबाने खाली उतरते आणि तिच्या कडा चारही कोपरे कापतात. नळी स्वतः फिरत नाही. म्हणजे कोपरे विजेच्या मोटरीने निघत नाहीत. ते कारागिराच्या हाताच्या जोराने निघतात. ही गोष्ट विक्रेत्याने सांगितली नाही आणि आम्हाला सुचली नाही.

साधे ड्रिल मशीन एवढा दाब सोसायला बनवलेले नसते. त्याचा हात आखूड असतो, बेअरिंग हलके असते. सागवानात ते निभावते, बाभळीसारख्या कठीण लाकडात निभावत नाही. यासाठी लांब दांड्याचे, लाकूड घट्ट आवळून धरणारे वेगळे मशीन मिळते. लाकूड आवळणे फार महत्त्वाचे, कारण पटाशी वर ओढताना ती लाकडासकट वर येऊ पाहते.

आमच्या मिस्त्रीची दुसरी चूक जोडणीतली होती. बरम्याचे टोक आणि पटाशीची धार यांच्यात एक-दोन मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. दोन्ही एकमेकांना घासले की उष्णता वाढते, धार निळी पडते आणि पाणी उतरते. पटाशीच्या बाजूला भुसा बाहेर पडण्यासाठी खाच असते. ती मोकळ्या बाजूला ठेवावी. कठीण लाकडात एकदम खोल न जाता थोडे खाली, थोडे वर असे करावे. लांबट भोक करताना पहिल्या भोकाला चिकटून दुसरे घेऊ नये, नाहीतर पटाशी मोकळ्या बाजूला ढकलली जाते. आधी थोडी जागा सोडून भोके घ्यावीत आणि मधली भिंत मागाहून काढावी.

दारे-खिडक्यांच्या कारखान्यांत साखळीचे मशीनही वापरतात. करवतीसारखे दात असलेली साखळी लाकडात उतरते. काम झपाट्याने होते, पण भोकाचा तळ गोलसर राहतो. आरपार भोकाला त्याने काही बिघडत नाही.

फिरून चौकोन पाडणारा बरमा

आता खरोखरच फिरून चौकोन पाडणाऱ्या हत्याराविषयी. आमचा यावर विश्वास नव्हता, म्हणून आम्ही थानातला पुठ्ठा घेतला. त्यावर १० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढला. प्रत्येक टोकावर कर्कट ठेवून समोरच्या दोन टोकांना जोडणारी कमान ओढली. कमानींवरून कापल्यावर फुगीर बाजूंचा त्रिकोण तयार झाला. जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो (१८२९-१९०५) यांच्या नावाने ही आकृती ओळखली जाते. तिची खुबी अशी की कोणत्याही दिशेने मोजा, रुंदी १० सेंटिमीटरच भरते.

मग दुसऱ्या पुठ्ठ्यात १० सेंटिमीटरचे चौकोनी भोक कापून त्यात हा त्रिकोण फिरवला. तो चारही बाजूंना टेकून फिरला आणि त्याची टोके जवळजवळ कोपऱ्यांपर्यंत पोहोचली. चौकोनाचा सुमारे ९८.७७ टक्के भाग त्याने व्यापला. कोपऱ्यांत जेमतेम सव्वा टक्का उरला. पण मध्यभागी टाचणी टोचून फिरवला तेव्हा मात्र त्याने साधे वर्तुळच काढले. चौकोन निघतो तो त्याचा मध्य जागा बदलत राहतो म्हणून.

याच तत्त्वावर हॅरी जेम्स वॅट्स यांनी चौकोनी भोकाचा बरमा बनवला आणि १९१७ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. पेनसिल्व्हेनियातील विल्मर्डिंग येथे त्यांच्या वॅट्स ब्रदर्स या कारखान्यात हे बरमे तयार होत. (वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॅट वेगळे, ते १८१९ सालीच वारले होते.) या बरम्याला तीन गोष्टी लागतात : तीन कडांचे हत्यार, मध्य सरकू देणारी खास पकड आणि वर बसवायची चौकोनी भोकाची पोलादी पट्टी. म्हणजे चौकोनी भोक पाडण्यासाठी आधी एक चौकोनी भोक तयार हवे! प्रत्येक मापाला वेगळा संच घ्यावा लागतो आणि कोपरे किंचित गोल राहतात ते वेगळेच. एकाच मापाची हजारो भोके पाडणाऱ्याला ते परवडेल. बाज, दार, तिफण असे रोज वेगळे माप करणाऱ्या गावच्या मिस्त्रीला नाही.

लोखंडातील चौकोनी भोक

आमच्या वाचकांत लोहार आणि वर्कशॉपवाले बरेच आहेत. त्यांच्याकडे सर्वांत जुना मार्ग तापवून सुंबा मारण्याचा. लाल लोखंडात चौकोनी सुंबा दोन्ही बाजूंनी ठोकतात. यात लोखंड फारसे वाया जात नाही; ते बाजूला सरकते आणि भोकाभोवती फुगते, म्हणून जागा मजबूत राहते. एक-दोन नग करायचे तर गोल भोक पाडून चौकोनी कानशीने घासणे हा गरिबाचा मार्ग. वेळ लागतो, पण हत्यार घरचे असते.

स्लॉटिंग मशीनमध्ये हत्यार वर-खाली चालते आणि एकेक बाजू कापत जाते. ब्रोच ही दातांची लांब सळई असते. प्रत्येक दात मागच्यापेक्षा किंचित मोठा. गोल भोकातून ती एकदा ओढली की दुसऱ्या टोकाला चौकोन निघतो. काम सुरेख, पण प्रत्येक मापाची ब्रोच वेगळी आणि महाग. लेथवर चालणारी डुलती ब्रोचही असते. ती सुमारे एक अंशाने तिरपी धरलेली असल्यामुळे एका वेळी एकेक कोपरा दाबत खाली उतरते. आरपार नसलेल्या भोकाला ती उपयोगी पडते.

कडक केलेल्या पोलादात विजेच्या ठिणग्यांनी भोक कोरतात. ही पद्धत १९४३ साली सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याने पुढे आणली. आज तारेने कापणारी अशी मशीने मोठ्या शहरांत कामावर आहेत. तार साधारण पाव मिलिमीटरची, म्हणून एवढ्या भारी मशीनचाही आतला कोपरा तारेच्या निम्म्या जाडीइतका गोल राहतोच. आणि त्याचे वाईट वाटायला नको. लोखंडात आतला कोपरा अगदी तीक्ष्ण असला की जोर तिथेच एकवटतो आणि चीर पडते. थोडा गोल कोपरा जास्त टिकतो.

भोक चौकोनी हवेच का?

हा प्रश्न मशीनच्या आधी विचारावा. आज मिस्त्री लोक हातातले राऊटर वापरतात. त्याने पाडलेल्या खाचेची टोके गोल राहतात. ती चौकोनी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा कुसवाच्या कडाच कानशीने गोल कराव्यात. सांधा तितकाच घट्ट बसतो. गोल टोपीचा आणि मानेशी चौकोनी असलेला बोल्ट लाकडात बसवायचा तर भोक गोलच पाडतात. बोल्ट ठोकला की त्याची चौकोनी मान लाकडात रुतते आणि फिरत नाही. पत्र्यात मात्र चौकोनी भोकच लागते. रेल्वेच्या लाकडी स्लीपरमध्येही बरम्याने गोल भोक पाडून त्यात चौकोनी खिळे ठोकीत. पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी आमच्या भागातून धावत असे, ती आता बंद झाली. रेल्वेची ही युक्ती मात्र आजही कामाची आहे.

हिशेब

आता पैशाचे बोलू. इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत जहाजांच्या कप्प्यांसाठी मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी बनवलेली मशीने १८०२ पासून बसू लागली. कप्प्यातली लांबट खाच पाडणारे मशीन त्यांतलेच. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या आणि ११० माणसांचे काम १० माणसे करू लागली. तेथे मशीन फायद्यात गेले, कारण आरमाराला दरवर्षी लाखाच्या घरात एकसारख्या कप्प्या हव्या होत्या. ज्यांचे काम गेले त्यांचे काय, हा प्रश्न आपण कारागिरांनी विसरू नये. पण एकसारखा माल मोठ्या संख्येने लागला की मशीनला अडवता येत नाही, हेही खरे.

आमच्याकडे संख्या किती होती? घड्याळ लावून पाहिले. सागवानाच्या दाराचे एक भोक मिस्त्री हाताने अर्ध्या तासात पाडतो. मशीनवर सहा मिनिटे लागतात, पण मशीन मापाला लावायला पाऊण तास जातो. एका चौकटीची दोन भोके असतील तर हाताने एक तास, मशीनने ५७ मिनिटे. फायदा तीन मिनिटांचा! चार दारांची चोवीस भोके असतील तर हाताने बारा तास, मशीनने तीन तास नऊ मिनिटे. म्हणजे मशीनची किंमत भोकांच्या संख्येत आणि मापाच्या सारखेपणात आहे. आम्ही हा हिशेब पैसे मोजण्याआधी कागदावर मांडला असता तर अर्ध्या तासाचे काम होते.

म्हणून बांधवांनो, असे मशीन घेताना पाच गोष्टी विचारा. कोपरा कशाने कापला जातो? आपल्या सर्वांत कठीण लाकडात ते चालवून दाखवतील का? लाकूड आपण घरून घेऊन जावे. महिन्याला एका मापाची किती भोके लागतात? धार कोण लावणार आणि सुटी पटाशी कोठे मिळणार? आणि पहिल्या हंगामात मशीन बिघडले तर हातचे काम चालू राहील का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर हंगाम संपेपर्यंत थांबावे.

आमचा तोटा ठरल्याप्रमाणे भांडवलातून वजा झाला. मिस्त्रीकडून आम्ही काही घेतले नाही. चौकशी करणे हे भांडवल लावणाऱ्याचेही काम होते. पुढच्या वर्षी त्याने लांब दांड्याचे जुने पण मजबूत मशीन घेतले, तेही पावसाळा उलटल्यावर. दारांची कामे साठवून तो एकाच मापाची भोके एका दिवशी पाडतो. बाभळीची बाज आणि तिफण मात्र आजही हातानेच करतो. त्यासाठी त्याच्याकडे वडिलांचे विंधणे आहे. झिजून ते निम्मे झाले आहे, पण कोपरा अजून साफ काढते.